अनुक्रमांक दोनशे चौदा: न उघडलेले

सोमवार, तीन फेब्रुवारी. पहाटे धुके, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही. सोनवड नगरपालिकेची वार्षिक उघडणी आज सुरू झाली. म्हणजे गावातल्या बंद होणाऱ्या प्रत्येक वस्तूने नगरपालिकेत येऊन एकदा उघडून दाखवायचे आणि शिक्का घेऊन घरी जायचे.

शिक्का नसलेली वस्तू सोनवडमध्ये वर्षभर उघडत नाही. नगरपालिका दंड करत नाही, माणूस पाठवत नाही. गरजच पडत नाही. गेल्या साली डॉक्टर मिरजगावकरांची छत्री न्यायची राहून गेली, तर पावसाळाभर ते बंद छत्री हातात धरून भिजत दवाखान्यात येत होते. त्याच्या आदल्या साली एका घरातली लोणच्याची बरणी राहिली. तिच्यावर गरम पाणी ओतले, पक्कड चालवली, शेवटी ती आपटली. काचेचे तुकडे झाले, पण झाकण गळ्याला धरूनच राहिले.

चौथ्या वॉर्डाची पाळी गुरुवारी होती. कुमुद हळबेने नेहमीप्रमाणे आधी यादी केली. कपाटे तीन (त्यांचे उघडे फोटो चालतात), डबे एकतीस, चष्म्याची घरे दोन, पेट्या, पर्सा, नेलकटर, रोजनिशी. घरांची दारे-खिडक्या न्यायच्या नसतात. त्यांच्यासाठी कारकून घरी येतो आणि चौकटीवर शिक्का मारून जातो. तो जानेवारीतच येऊन गेला होता. यादी पूर्ण झाल्यावर कुमुदने नगरपालिकेचे नवे परिशिष्ट वाचले. त्यात यंदा एक नोंद वाढली होती. अनुक्रमांक दोनशे चौदा: विजेवर चालणारी पाकिटे.

असे पाकीट सोनवडमध्ये एकच होते, आणि ते कुमुदचे होते.

पेनड्राइव्हएवढे यंत्र. एका अंगाला नखाएवढी काच आणि दोन बटणे. कुमुद मशीनवरच्या भरतकामाचे नमुने काढते. तिची गिऱ्हाइके परदेशात आहेत आणि गेली नऊ वर्षे ती तिला बिटकॉइनमध्ये मोबदला देतात. ती नाणी त्या यंत्रात नसतात. ती असतात जगभर पसरलेल्या एका उघड्या वहीत, जी कोणीही वाचावी. यंत्रात असते ती फक्त त्या वहीत सही करण्याची किल्ली, आणि किल्ली यंत्राच्या बाहेर कधीच येत नाही. पैसे हलवायचे तर यंत्र संगणकाला जोडायचे, पिन टाकायचा, काचेवर आलेला पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहायचा आणि मग दोन्ही बटणे एकदम दाबायची. हे सगळे कुमुदने बावन्नाव्या वर्षी एकटीने शिकून घेतले. तीन महिने लागले. घाई केली नाही.

यंत्र हरवले, जळले, तर नवे आणून त्यात चोवीस शब्द भरायचे. किल्ली पुन्हा तयार होते. साधे इंग्रजी शब्द, शाळेच्या पुस्तकातले, पण ठरल्या क्रमाने. ते चोवीस शब्द ज्याला कळले, त्याची ती नाणी. म्हणून ते फोनमध्ये ठेवायचे नाहीत, त्यांचा फोटो काढायचा नाही, झेरॉक्स तर नाहीच नाही. तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुमुदने अठ्ठेचाळीस स्टीलच्या वाट्या वाण म्हणून लुटल्या. भांड्यांवर नावे घालायचे मशीन तिने एका दिवसापुरते भाड्याने आणले होते आणि प्रत्येक वाटीच्या बुडाला एकेक शब्द स्वतः कोरला होता. प्रत्येक शब्द दोन घरांत गेला. बायकांना ते कंपनीचे नाव वाटले. कोण कितव्या क्रमांकाला आली, म्हणजे कितवा शब्द कोणत्या घरात गेला, ते कुमुदने त्या दिवशीच्या रोजनिशीत लिहिले होते, आणि रोजनिशी मिटते म्हणून ती दर वर्षी उघडणीला जात होती. कारकून पाने चाळत असे आणि शिक्का मारत असे.

कुमुदच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार होता. बारीक काम आणखी दोन वर्षे जमेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिचे यजमान विद्याधर हळबे एका खासगी तंत्रशाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झाले होते, पेन्शन नव्हती. दोन वर्षांनंतर दोघांनी जगायचे ते त्या नाण्यांवर. दुसरे काही नव्हते.

गुरुवारी सकाळी साडेनऊलाच रांग टपाल कार्यालयाच्या वळणापर्यंत गेली होती. कुमुदच्या पुढे शेजारच्या नसीमभाभी होत्या. त्यांनी लग्नातली ट्रंक हातगाडीवर आणली होती आणि गाडीवाल्याला मध्येच सोडून दिले होते, कारण तो ताशी पैसे मागत होता.

"कुमुदताई, जरा ढकलता का? रांग पुढं गेली."

"दर वर्षी ही ट्रंक कशाला आणता, भाभी? आत काय आहे?"

"काही नाही. सासूबाईंच्या गोधड्या. पण एक साल नाही आणली तर सासूबाई वरून बोलतील. तुमच्या त्या मुठीत काय आहे?"

"पाकीट."

"एवढंसं? त्यात मावतं काय!"

खिडकीवर ढवळे नावाचा कारकून होता. त्याने ट्रंक उघडून घेतली, गोधड्या मोजल्या, झाकणाच्या आतल्या बाजूला शिक्का मारला. मग कुमुदचे कपाटांचे फोटो, डबे, पर्सा, रोजनिशी. एकतिसावा डबा बंद करून झाल्यावर कुमुदने यंत्र काउंटरवर ठेवले.

"दोनशे चौदा," ढवळे म्हणाला आणि जरा सावरून बसला. ही नोंद तो पहिल्यांदाच भरत होता. "उघडा."

कुमुदने सोबत आणलेल्या बॅटरीला यंत्र जोडले, पदराआड धरून पिन टाकला आणि यंत्र पुढे केले. काचेवर एकच शब्द होता: तयार.

ढवळेने चष्मा वर करून पाहिले. "तयार आहे. कशाला?"

"सही करायला."

"ते ठीक. पण रकाना पाच, आतला ऐवज. काय लिहू?"

"किल्ली. एक नग."

"दाखवा."

"ती दिसत नाही. यंत्र ती मलासुद्धा दाखवत नाही."

"मग उघडलं असं कसं म्हणायचं, बाई? दार उघडायचं आणि आत अंधार, ह्याला उघडणं म्हणत नाहीत." त्याने परिशिष्टाची तळटीप काढून वाचली. "पाकिटाचे चोवीस शब्द हाच आतला ऐवज समजावा. तीन प्रतींत. एक प्रत फलकावर."

फलक खिडकीच्या डाव्या हाताला होता. उघडलेल्या प्रत्येक वस्तूच्या आत काय निघाले ते त्यावर संध्याकाळपर्यंत लागते. नसीमभाभींच्या गोधड्या आधीच लागल्या होत्या: सहा, पैकी एक उसवलेली.

"शब्द मी देणार नाही," कुमुद म्हणाली.

"म्हणजे विसरलात?"

"नाही. पाठ आहेत. देणार नाही."

मागून कोणीतरी ओरडले, "ओ काकू, माझा टिफिन आहे, बारा वाजता कामावर जायचंय!"

ढवळेने पेन हातात तसेच धरले. "मग मला 'न उघडले' लिहावं लागेल. वर्षभर उघडणार नाही हां. नंतर रडत यायचं नाही."

"लिहा."

त्याने लिहिले. 'न उघडले' असे लिहिले की त्या वस्तूची कडी आपोआप बसल्याचा आवाज येत असे, तसा आवाज यंत्रातून आला नाही. कुमुदच्या ते लक्षात आले. ढवळेच्याही आले असावे, पण टिफिनवाला पुढे सरकला होता.

संध्याकाळी चहा झाल्यावर तिने यंत्र जोडले आणि पिन टाकला. यंत्र उघडले. तिने ते बंद केले, पाच मिनिटे थांबली आणि पुन्हा टाकला. पुन्हा उघडले. हे यंत्र बनवणाऱ्यांनी ते कोणावरही विश्वास ठेवू नये असेच बनवले होते. संगणकावर नाही, बँकेवर नाही. नगरपालिकेचा अपवाद त्यांनी केलेला नव्हता.

"छान झालं," विद्याधर म्हणाले. "आता गप्प बसायचं."

कुमुद कागद घेऊन बसली होती. "मी अर्ज लिहितेय. की बाबा, आपल्या दप्तरी न उघडलेली वस्तू आमच्या घरी उघडली आहे, तरी नोंद घ्यावी."

"अगं, पण कुणी विचारलंय तुला?"

"कुणी विचारलं नाही म्हणून लपवायचं? मी चोरी केलीय का काही? शब्द माझे आहेत, ते देत नाही. बाकी सगळं सांगते."

"घ्या! गुपित ठेवायचं आणि ते ठेवलंय म्हणून दवंडी पिटायची." त्यांनी कपाळावर हात मारला. पण अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली, तारखेसकट.

सोमवारी, दहा तारखेला, उघडणी अधिकारी शिरगुप्पे यांनी सुनावणी ठेवली. हवा ढगाळ होती. शिरगुप्पे शांत, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांच्या टेबलाच्या खणांवर प्रत्येकी अकरा शिक्के होते, नोकरीला अकरा वर्षे झाली म्हणून. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"हळबेबाई, एकोणिसशे चौपन्नपासून या गावात शिक्क्याशिवाय काही उघडलेलं नाही. विहिरीचं झाकण नाही, सुईची डबी नाही. आणि तुम्ही लिहिता, यंत्र उघडलं."

"दोनदा उघडलं."

"उघडून दाखवा."

कुमुदने दाखवले. शिरगुप्प्यांनी काचेवरचा शब्द वाचला.

"यावर उपाय सोपा आहे. तुम्ही चोवीस शब्द सांगा. मी फलकावरची प्रत लहान अक्षरांत लावायला सांगतो."

"लहान अक्षरंसुद्धा लोक वाचतात."

"उंचावर लावू."

"साहेब, ते शब्द एकाने वाचले तरी माझं नऊ वर्षांचं काम त्याचं झालं. आणि मग परत कुणाकडे मागायला जाऊ? ह्याला ना व्यवस्थापक आहे, ना शाखा."

"म्हणूनच तर ते नगरपालिकेत असावेत." शिरगुप्पे हे मनापासून म्हणाले. "तुम्ही लिहू नका हवं तर. तोंडी सांगा. ढवळे लिहून घेतील."

"तोंड उघडायला मी बांधील नाही. ब्याऐंशीच्या ठरावानं तोंड, डोळे आणि मूठ यांना उघडणीतून सूट आहे."

शिरगुप्प्यांनी ढवळेकडे पाहिले. ढवळेने जुनी वही काढली, पाने उलटली आणि मान डोलावली. सूट होती. त्या साली गावातल्या सगळ्या लोकांनी रांगेत उभे राहून डोळे उघडून दाखवले होते आणि कामकाज मेपर्यंत लांबले होते.

"बरं," शिरगुप्पे म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "मग नियम नऊ. न उघडलेली वस्तू ज्यात ठेवली आहे, ती वस्तूही न उघडलेली समजावी. यंत्र कुठे ठेवता?"

"बाहेरच्या खोलीत. टेबलावर."

"कपाटात नाही? डब्यात नाही?"

"नाही. उघड्यावर."

"म्हणजे घरात." त्यांनी लिहायला सुरुवात केली. "चौथा वॉर्ड, हळबे यांचे घर, दार व खिडक्यांसह, सोमवार दिनांक सतरा, सायंकाळी सहा वाजल्यापासून न उघडलेले. त्या वेळी जे आत असतील ते आत, बाहेर असतील ते बाहेर. मुदत एक वर्ष. आठवडाभरात शब्द आले तर आदेश रद्द. खाली सही करा, मिळाल्याची."

कुमुदने आदेश शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी वॉर्डाचा आकडा चुकला होता तो दाखवून दुरुस्त करून घेतला आणि सही केली.

"शब्द येणार नाहीत," ती म्हणाली.

घरी विद्याधर दाराशीच उभे होते. ते दार त्यांनी स्वतः केलेले होते. तंत्रशाळेत लागल्यावर तिसऱ्या वर्षी, जुन्या पुलाचे सागवान लिलावात घेऊन. दोन फळ्या, आठ तावदाने, पितळी कडी-कोयंडा, एकही खिळा नाही; सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. पाहुणे आले की चहाच्या आधी ते दार दाखवीत.

"एका बोटाएवढ्या डबीपायी घर घालवतेस," ते म्हणाले.

"घर नाही घालवत. ते घालवतायत."

"तू शब्द दे, मग पैसे लगेच दुसऱ्या यंत्रात हलव. नवीन शब्द, नवीन किल्ली. तूच सांगितलंस ना, असं करता येतं?"

"येतं. मग पुढच्या साली त्या यंत्राचे शब्द द्यायचे. त्याच्या पुढच्या साली आणखी. आणि हलवायच्या आत फलकापाशी कुणी फोन घेऊन उभा असला तर? अहो, तुम्ही तुमच्या पोरांना काय शिकवत होतात? एकदा सांध्यात फट राहू दिली की?"

विद्याधरांनी कडी एकदा लावली आणि काढली.

मंगळवार, बुधवार असेच गेले. गावाला कळले होते. वाण्याच्या दुकानात कुमुदला विचारले गेले की वर्षभराचा किराणा एकदम भरणार का. कोणी म्हणाले, शब्द द्या ना काकू, चोवीसच तर आहेत, आम्ही दिवसाला हजार बोलतो. नसीमभाभींनी विचारले, सहाच्या सुमारास आमच्याकडे येऊन बसता का, निदान बाहेर तरी राहाल. कुमुद प्रत्येकाला एकच सांगत होती: सोमवारी सहाला मी माझ्या घरी असेन आणि साडेसहाला भाजी आणायला जाईन.

ते कसे, हे तिला अजून ठाऊक नव्हते. तिने नियमांची वही विकत आणली होती आणि रोज भिंग घेऊन बसत होती. शुक्रवारी दुपारी ती नियम दोनवर थांबली. 'वस्तू' म्हणजे बंद होऊ शकेल असे काहीही. जे बंद होऊ शकत नाही ते वस्तू नव्हे.

तिने वही विद्याधरांपुढे ठेवली. त्यांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. मग ते उठले, दारापाशी गेले आणि तळहात फळीवर ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"मी मागणार नाही," कुमुद म्हणाली. "दार तुमचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर दुसरं काही शोधेन."

"दुसरं काही नाहीये."

"नाहीये."

"दार बंद झालं तर वर्षभर बंद," ते म्हणाले. "मी केलेलं दार, आणि त्याला शिरगुप्पे सांगणार, हलू नकोस. माझ्या दाराला." त्यांनी माळ्यावरून हत्यारांची पेटी उतरवली. पेटीवर यंदाचा शिक्का होता, ती उघडली.

बिजागऱ्यांचे स्क्रू गंजले होते. खोबरेल सोडून रात्रभर ठेवावे लागले. शनिवारी पुढच्या दाराची दोन्ही कवाडे निघाली, रविवारी मागचे दार, मग खिडक्यांच्या झडपा, न्हाणीघराचे दारसुद्धा. तिथे पडदा लावला. संध्याकाळपर्यंत घरात उजेड इतका झाला की कुमुदला भिंगाशिवाय कॅलेंडर वाचता आले. रात्री गार वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत येत होता. दोघे कानाला मफलर गुंडाळून झोपले. दोन कुत्री आली, फिरली आणि गेली.

सोमवारी, सतरा तारखेला, दुपारी तीनला नसीमभाभींनी ठरवलेली हातगाडी नगरपालिकेच्या आवारात शिरली. या वेळी गाडीवाला शेवटपर्यंत होता. विद्याधर कवाडांना धक्का लागू नये म्हणून बाजूने चालत होते.

ढवळे बाहेर आला. "हे काय आणलंत?"

"आदेशातल्या वस्तू," कुमुद म्हणाली. "ज्या बंद करायच्या आहेत त्या. सहाच्या आत जमा करून घ्या. पावती द्या."

"दार घरीच बंद होतं, बाई! जमा नाही करत."

"नियमात कुठं बंद व्हावं ते लिहिलेलं नाही. मी पाहिलंय."

शिरगुप्पे व्हरांड्यात येऊन उभे होते. त्यांनी कवाडांवरून नजर फिरवली, आणि त्यांची नजर सांध्यांवर थांबली, जशी प्रत्येकाची थांबत असे. "हळबे, काम उत्तम आहे."

"माहीत आहे," विद्याधर म्हणाले.

"बाई, घराला दार नसेल तर चोर येतील."

"येऊ देत. टेबलावर यंत्र आहे, तेही नेऊ देत. तीनदा पिन चुकला की ते सगळं विसरतं. मी दुसरं आणीन."

"आणि बाकीचं? भांडी, कपडे, माणसं?"

"ते माझं मी बघेन. तुम्ही तुमचा नियम नऊ बघा. यंत्र ज्यात ठेवलंय ते बंद होतं का?"

शिरगुप्पे उत्तर देण्याआधी नियम दोन, नियम नऊ आणि परिशिष्ट वाचायला आत गेले. ते सव्वापाचपर्यंत वाचत होते. तोवर विद्याधरांनी कवाडे गोदामाच्या भिंतीला टेकवली. खाली लाकडी पट्ट्या घातल्या, ओल लागू नये म्हणून. मग शिरगुप्प्यांनी ढवळेला पावती लिहायला सांगितली.

सहा वाजता कुमुद घराच्या ओट्यावर बसलेली होती. नसीमभाभी आणि चौथ्या वॉर्डातली बरीच माणसे रस्त्यात उभी होती. सहाला नगरपालिकेच्या गोदामात कडी बसल्याचा आवाज आला; तो ढवळेने ऐकला. भिंतीला टेकवलेली पुढच्या दाराची कवाडे एकमेकांना घट्ट मिटली. ढवळेने ओढून पाहिली. त्यांच्या मागे जाऊन, पलीकडून ढकलूनही पाहिली.

साडेसहाला कुमुद पिशवी घेऊन भाजीला गेली. मेथी आणि वांगी आणली.

त्या दिवशीची दप्तरातली नोंद अशी आहे: हळबे यांचे दार, पुढचे, कवाडे दोन, मागचे, एक, न्हाणीघराचे, एक, खिडक्यांच्या झडपा दहा. सर्व जमा, सर्व बंद, मुदत एक वर्ष. घर: वस्तू नव्हे. अनुक्रमांक दोनशे चौदा: न उघडलेले.

सात वाजून वीस मिनिटांनी कुमुदने बाहेरच्या खोलीत टेबलावरचे यंत्र जोडले आणि पिन टाकला. यंत्र उघडले.